योगसूत्रं वाचून झाली, पण ऑफिसात आणि मोबाईलवर ती लागू करायची कशी?

तुमची अडचण थोडक्यात अशी: रोज वीस मिनिटं ध्यानाला बसता, योगसूत्रांचं भाषांतर वाचून झालंय, तरी एक खोचक मेल आला की डोकं फिरतं आणि रात्री मोबाईल हातातून सुटत नाही. तर सुरुवात कुठून करायची?

ध्यानाची वेळ आणखी वाढवू नका. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या आठ अंगांपैकी ध्यान हे सातवं अंग आहे आणि तुमची अडचण पहिल्या अंगातली, यमांमधली (अहिंसा, सत्य वगैरे वागण्याच्या नियमांमधली) आहे. साधनपादातली, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातली, ३३ आणि ३४ ही दोनच सूत्रं घ्या आणि महिनाभर तेवढ्यावरच काम करा.

३३वं सूत्र आहे ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’. इथे वितर्क म्हणजे तर्क किंवा शंका नव्हे. अहिंसा, सत्य वगैरेंच्या उलट ओढणारा विचार म्हणजे वितर्क. ‘थांब, याला आता दाखवतोच’ हा तसा विचार. प्रतिपक्षभावनेचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘उलट, चांगला विचार मनात आणा’ असा सांगतात, आणि सगळं बिघडतं ते इथेच. संतापलेल्या मनाला प्रेम वाटून घ्यायला सांगितलं तर त्याला तो खोटेपणा लगेच कळतो. राग तळाशी बसतो आणि संध्याकाळी घरच्या माणसांवर निघतो. खरं तर प्रतिपक्ष म्हणजे काय ते पुढच्या सूत्रात स्पष्ट लिहिलंय: या विचाराची फळं दुःख आणि अज्ञान आहेत आणि ती संपत नाहीत, हे पाहणं. प्रेम वगैरे काही उसनं आणायचं नाही. हा विचार पुढे कुठे जाऊन पोचतो, तेवढं शेवटपर्यंत बघायचं.

त्याच सूत्रात बघायचं कसं हेही दिलंय. हिंसा कृत असते, कारित असते आणि अनुमोदित असते, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावून पाठिंबा दिलेली. मूळ लोभात, क्रोधात किंवा मोहात असतं. तीव्रता मृदू, मध्यम किंवा टोकाची. तीन गुणिले तीन गुणिले तीन, असे २७ प्रकार व्यासभाष्य (योगसूत्रांवरचं जुनं विवरण) मोजतं. आजच्या जगण्यात ‘अनुमोदित’ हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ग्रुपवर कुणाचा तरी अपमान झाला आणि तुम्ही फक्त हसरा चेहरा टाकलात, तर ती अनुमोदित हिंसा. चारजण तुटून पडावेत म्हणून एखाद्याचा मेसेज पुढे पाठवलात, तर कारित. आपण ‘काही केलं नाही’ असं जिथे वाटतं, तिथे बरंच काही झालेलं असतं.

मोहाचा अर्थही भाष्यातून घ्या. क्रोधाची हिंसा ‘याने माझं वाईट केलं’ म्हणून होते. मोहाची हिंसा ‘यातून मला धर्म घडेल’ म्हणून होते. ‘कुणीतरी त्याला सुनवायलाच हवं होतं’ हे वाक्य या दुसऱ्या जातीचं. ऑफिसातली बरीच बोचरी उत्तरं याच समजुतीतून लिहिली जातात आणि ती ओळखायला सगळ्यात अवघड, कारण लिहिताना आपण बरोबर आहोत असंच वाटत असतं.

आता प्रत्यक्ष कृती. मेल वाचून चिडलात की उत्तर लिहा हवं तर, पण ‘प्रति’च्या रकान्यात पत्ता घालू नका. मग श्वास: तीन आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं सहा वेळा, साधारण एक मिनिट लागतं. समाधिपादाच्या (योगसूत्रांच्या पहिल्या भागाच्या) ३४व्या सूत्रात श्वास बाहेर सोडणं आणि रोखणं असं दोन्ही आहे. तुम्ही फक्त सोडणं घ्या. रागात श्वास कोंडला की छाती धडधडते, चक्कर येते, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर रोखायचा नाहीच. त्यानंतर तीन प्रश्न: हे मी करतोय, करवतोय की नुसता पाठिंबा देतोय? मुळाशी लोभ, क्रोध की मोह? किती जोर आहे? शेवटी चौथा: हे पाठवलं तर उद्या सकाळी काय, आठवड्याने काय? उत्तर ठोस हवं. ‘वाईट होईल’ याने काही होत नाही. ‘उद्याच्या बैठकीत तो माझं प्रत्येक वाक्य अडवेल, आणि मी पुन्हा रात्रभर हेच घोळवत बसेन’ याने होतं. मग मसुदा पुन्हा वाचा. माहिती ठेवा, टोमणा काढा.

पहिले पंधरा दिवस हे प्रसंग होऊन गेल्यावरच आठवेल. चालेल. रात्री वहीत एक ओळ लिहा, उदाहरणार्थ ‘अनुमोदित, मोह, मृदू’, आणि शेजारी काय घडलं ते चार शब्दांत. हळूहळू आठवण प्रसंगाच्या जवळ सरकते. प्रसंगाआधी सावध व्हायचं असेल तर समाधिपादातलं ३१वं सूत्र उपयोगी आहे. चित्त विखुरलं की सोबत येणाऱ्या गोष्टी त्यात दिल्यात: दुःख, मन खट्टू होणं, अंग थरथरणं, श्वासाची लय बिघडणं. टेबलाखाली पाय हलायला लागला, जबडा आवळला, श्वास वरच्यावर झाला, की विचार स्पष्ट व्हायच्या आधीच तुम्हाला खबर मिळते.

मोबाईलबद्दल. वैराग्य म्हणजे मोबाईलचा तिटकारा नव्हे. राग जसा क्लेश, म्हणजे मनाला त्रास देणारा मूळ दोष, तसा द्वेषही क्लेशच. (इथला ‘राग’ म्हणजे आसक्ती, मराठीतला संताप नव्हे. भाषांतरं वाचताना हा गोंधळ फार होतो.) महिनाभर सगळी अॅप काढून टाकणारे बरेचदा महिन्याने पुन्हा तिथेच परततात, कारण ओढ कधी पाहिलेलीच नसते. सूचना बंद करा, रात्री चार्जर दुसऱ्या खोलीत लावा, एवढं बाहेरून पुरे. आतून असं: हात मोबाईलकडे गेला की दहा श्वास थांबा आणि ओढ शरीरात कुठे जाणवते ते बघा, हातात, घशात की पोटात. दहा श्वासांनंतरही काम आठवत असेल तर उघडा, काम करा, ठेवा. काहीच आठवत नसेल तर ती नुसती ओढ होती.

माणसांशी वागताना समाधिपादाचं ३३वं सूत्र: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्य करणाऱ्याबद्दल मुदिता (आनंद), अपुण्य करणाऱ्याबद्दल उपेक्षा. सहकाऱ्याचं चांगलं काम खुपत असेल तेव्हा मुदिता सगळ्यात जड जाते. त्याने नेमकं काय चांगलं केलं ते एका वाक्यात म्हणा आणि पुढे ‘पण’ जोडू नका. उपेक्षेचा मात्र गैरवापर होतो. कुणी छळत असेल तर गप्प सोसणं ही उपेक्षा नाही. तक्रार करा, पुरावे जपा. डोक्यात त्याच्याशी दिवसभर भांडत राहू नका, एवढाच तिचा अर्थ.

तुमची वीस मिनिटं दहावर आणलीत तरी चालेल, पण खाडा नको. अभ्यास (म्हणजे सराव) पक्का व्हायला पतंजली तीन अटी घालतात: दीर्घकाळ, अखंड आणि आदराने. बहुतेकांची दुसरी सुटते; शेजारी मोबाईल ठेवून बसणाऱ्यांची तिसरी.

आणि बसलं की सतत झोप येत असेल तर आधी झोप पूर्ण करा. डोळे मिटल्यावर घाबरं होत असेल, जुने आघात उसळत असतील, किंवा उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, तर बसणं थांबवा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि तोवर डोळे उघडे ठेवून सावकाश चाला, पावलांकडे लक्ष देत. नऊ अंतरायांच्या, म्हणजे योगातल्या अडथळ्यांच्या, यादीत पतंजलींनी पहिलं नाव ‘व्याधी’चंच घातलं आहे.