आजी आठवते, पण बाई कुठे गेल्या?

न्यू जर्सीच्या एका भगिनीचं पत्र आलंय, चांगलं पाच पानी. आजीला जाऊन वर्ष होत आलं. मंडळाच्या दिवाळी अंकात तिच्यावर लिहायचंय, त्याचा मसुदा सोबत जोडलाय. शिवाय वर्षश्राद्ध तिथीने करायचं की तारखेने, आजीच्या पाटल्यांवरून मावशीने धरलेला अबोला, आणि सहा वर्षांच्या लेकाला पणजी आठवतच नाही, अशा तीन काळज्या.

त्या आधी उरकते. तिथी गुरुजींना विचारा आणि रजा नसेल तर जवळच्या रविवारी करा, आजी रागावणार नाही. पाटल्या मावशीला देऊन टाका. लेकाला काल काय जेवला तेही आठवत नसेल. झालं.

आता मसुदा. "आमची आजी म्हणजे मायेचा सागर. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, कष्टाळू. ३८ वर्षं तिने ज्ञानदानाचं पवित्र कार्य केलं. तिच्या हातच्या बेसनाच्या लाडवांची चव अजून जिभेवर आहे. तसे लाडू पुन्हा होणे नाही." अहो, ज्ञानदानाचं एक वाक्य काढलं तर हे माझ्या सासूबाईंनाही लागू पडेल, आणि त्या कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या! नोकरीला एक वाक्य, लाडवांना दोन.

तुमचा एकटीचा दोष नाही. आपल्याला आजी भेटली तीच मुळी पेन्शनीत निघाल्यावर. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, पायात मोजे, अंगात नातवाचा जुना स्वेटर, खिडकीपाशी बसून बर्फ बघणारी. तिला अख्खं गाव 'बाई' म्हणत होतं हे आपल्या गावीही नसतं.

तुम्हीच लिहिलंय, "आजी मावशीला घेऊन कुठल्याशा खेड्यात एकटी राहायची. भूकंपात शाळेची भिंत पडली, असं काहीतरी सांगायची." कुठल्याशा? असं काहीतरी? सातारा जिल्ह्यात नोकरी, म्हणजे हा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. एवढा भक्कम खुंटा हाताशी असताना तुम्ही मायेच्या सागरात कशाला पोहताय?

आपल्या जुन्या माणसांना साल विचारलं की ती गप्प होतात. पण पानशेत फुटलं तेव्हा तू कुठे होतीस, बाहत्तरच्या दुष्काळात शाळेत पोरांना काय खायला मिळायचं, असं विचारा, गावाचं नाव आपसूक बाहेर येतं. आजी १९५६ साली नोकरीला लागली म्हणता. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे असा हिशोब शिकवायला लागली नि वर्षभरात, १ एप्रिल १९५७ ला, सरकारने त्याचे १०० नवे पैसे केले. पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेणाऱ्या बाईंना दशांश चिन्ह शिकवावं लागलं. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या, सगळा कारभार बदलला. पुढे बालभारतीची पुस्तकं आली. हे सगळं तिच्या फळ्यावरून गेलंय, आणि तुम्ही लिहिता 'पवित्र कार्य'.

कागदही असतात. पेन्शनचं पुस्तक घरात कुठेतरी असेल, त्यात निवृत्तीची तारीख सापडेल. बऱ्याच शाळांच्या कार्यालयात भिंतीवर मुख्याध्यापकांच्या नावांचा रंगवलेला फलक असतो, कार्यकालासकट. कुणाला तरी पाठवून फोटो मागवा. मात्र व्हर्नाक्युलर फायनलचा, म्हणजे तेव्हाच्या सातवीच्या परीक्षेचा, दाखला शोधाल तर माहेरच्या नावाने शोधा. लग्नात आपल्याकडे बाईचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलायचे. तुम्हाला आजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे ना? पत्रात तर कुठे दिसलं नाही.

रागावतेय असं वाटेल. रागावतेच आहे, पण स्वतःवरही. माझी आई रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होती. ती गेली तेव्हा मी इथून फोनवर भावाला म्हटलं, ट्रंकेतलं काही ठेवू नकोस, कोण बघणार आहे? त्याने ऐकलं. सगळी ट्रंक रद्दीत गेली. चार वर्षांनी चिपळूणला एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी येऊन बसले. "तुम्ही बाईंच्या ना?" म्हणाले. पावसाळ्यात शाळा सुटली की आई पोरांना वहाळापलीकडे नेऊन सोडायची. काठावर पोचलं की छत्रीची मूठ एकेकाच्या डोक्याला लावून मोजायची. "शेवटचा मी, सत्तावीस. सत्तावीस म्हटल्याशिवाय बाई मागे फिरायच्या नाहीत." त्यांनी शाळेचं गाव सांगितलं. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मी त्यांचा नंबर घेतला, निवांत फोन करीन म्हटलं. दोन वर्षांनी केला. मुलाने उचलला.

तुम्ही अंत्यदर्शनाला पोचू शकला नाहीत, फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलंत, ते लिहिताना तुमचं अक्षर बिघडलंय. कळतं हो मला. माझंही तसंच झालं होतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण मसुदा मी परत पाठवतेय. लाडू राहू द्यात, शेवटी एका ओळीत.

आणि मावशी भूकंपाच्या वेळी आठ वर्षांची होती, तुमच्याच पत्रात आहे. पाटल्यांचं निमित्त हाताशी आहेच. तिकडचे सकाळचे नऊ गाठा, चहा झालेला असतो. तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतील, वाजू द्यात. पाटल्या तुझ्याच, म्हणा, आणि तिने हुंदका द्यायच्या आत विचारा, मावशी, भिंत पडली ते गाव कुठलं गं?