क्लस्टर्ड सर्व्हायव्हल डेटा: सुरुवात कुठून करायची?

सर्व्हायव्हल डेटा म्हणजे एखादी घटना घडेपर्यंतचे कालावधी; त्यातले काही एकाच गटाचे, जसं एकाच रुग्णाचे, असले की तो क्लस्टर्ड. कॉप्युला (अशा कालावधींमधलं नातं मांडणारं फंक्शन) तूर्तास बाजूला ठेवा. 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमधला किडनी डेटा उघडा: 38 रुग्ण, प्रत्येकाचे कॅथेटरला संसर्ग होईपर्यंतचे दोन कालावधी, म्हणजे 76 ओळी. या ओळी एकमेकींपासून स्वतंत्र धरणं ही नवख्यांची हमखास चूक. माणसं 38च आहेत!

मग नेमकं काय हवंय ते ठरवा.

- लिंगाचा सरासरी परिणाम हवाय? कॉक्स मॉडेलमध्ये (एखाद्या घटकाने घटनेचा धोका किती पट बदलतो ते काढणारं मॉडेल) क्लस्टर(आयडी) जोडा, म्हणजे कोणत्या ओळी एकाच रुग्णाच्या ते त्याला कळतं. गुणांक तेच राहतात, फक्त स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) बदलते. क्लस्टर दहा-बाराच असतील तर तीही बहुधा गरजेपेक्षा लहान येते.
- दोन कालावधींमधलं नातंच मोजायचंय? फ्रेल्टी(आयडी) वापरा. फ्रेल्टी म्हणजे प्रत्येक रुग्णाचा धोका कमी-जास्त करणारा, थेट न दिसणारा त्याचा स्वतःचा गुणक. फ्रेल्टी गॅमा वितरणाची धरली आणि तिचा व्हेरियन्स (पसारा) थीटा असेल, तर केंडॉलचा टाउ (नातं किती घट्ट ते सांगणारा आकडा) = थीटा/(थीटा+2). थीटा 0.4 आला तर टाउ जेमतेम 0.17.

दोन्ही मॉडेलांचे हॅझर्ड रेशो (धोक्याचं गुणोत्तर) वेगळे आले म्हणून घाबरू नका. पहिला सगळ्या रुग्णांच्या सरासरीचा, दुसरा फ्रेल्टी तीच ठेवून काढलेला.

आणि 21 नंबरचा रुग्ण पाहाच. बाकी पुरुषांपेक्षा त्याचे कालावधी कितीतरी लांब आहेत. त्याला वगळलं की फ्रेल्टीचा पुरावाच उरत नाही. म्हणून रुग्णवार फ्रेल्टी छापून बघितल्याशिवाय थीटावर विसंबू नका.