आदाम तर 930 वर्षं जगला! पाप आणि मरण, वाचकांचे प्रश्न

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आला, कपाळावर राख लावताना "माणसा, तू माती आहेस" हे कानावर पडलं, की इनबॉक्स भरतो. माणूस पापामुळे मरतो की तसाही मरणारच होता? निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न: देव पहिल्या माणसाला, आदामाला म्हणाला, मना केलेलं फळ खाशील त्या दिवशी मरशील. पण बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 5व्या अध्यायात आदाम 930 वर्षांचा होऊन मेला. मग ती धमकी पोकळ होती का?

जुना प्रश्न आहे हा. दुसऱ्या शतकात लिऑनचे बिशप इरेनियस यांनी याची एक सोडून अनेक उत्तरं दिली. त्यातलं एक असं की देवाला हजार वर्षं एका दिवसासारखी, आदाम हजार भरायच्या आत गेला, म्हणजे 'त्याच दिवशी' गेला! मला हे जरा वकिली वाटतं. बहुतेकजण म्हणतात की त्या दिवशी देवाशी नातं तुटलं, ते पहिलं मरण, आणि शरीराचं मरण तिथूनच सुरू झालं. ठीक आहे, पण 3ऱ्या अध्यायाचा शेवट पण वाचा. तिथे माणसाला बागेबाहेर काढून जीवनाच्या झाडाकडची वाट बंद केलीय. कायम जगायला ज्याला एका झाडाचं फळ खावं लागतं, तो मुळात अमर कसा?

प्रश्न: म्हणजे आदाम मुळातच मरणारा होता? आमचे पास्टर तर उलट शिकवतात.

तुमचे पास्टर एकटे नाहीत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाच्या गटातले लोक म्हणायचे की आदामाने पाप केलं असतं किंवा नसतं, तो मेलाच असता. याविरुद्ध उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन उभे राहिले, आणि 418 साली तिथल्याच कार्थेजच्या धर्मसभेने हे मत सरळ धिक्कारलं. पण गंमत बघा, खुद्द ऑगस्टीनसुद्धा आदामाला 'मरूच शकत नाही' असा मानत नव्हते, 'न मरणं शक्य होतं' एवढंच म्हणत होते. त्यांच्या आधी अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी हे जास्त साफ मांडलं होतं: माणूस शून्यातून घडवलेला, त्यामुळे स्वभावाने नाशवंतच, पण देवाच्या कृपेत राहिला असता तर तो नाश त्याला शिवला नसता. पाप झालं, कृपा सुटली, आणि माती आपल्या वळणावर गेली. 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ पण जवळपास हेच म्हणतो, स्वभाव मर्त्य, पण देवाची योजना न मरण्याची होती. मला स्वतःला हीच मांडणी पटते, कारण यात शरीरशास्त्राशी भांडावं लागत नाही आणि 'पापामुळे मरण आलं' म्हणणारं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र पण फाडून टाकावं लागत नाही.

प्रश्न: मी जिऑलॉजी शिकते. डायनोसॉर माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी मेले. मग मरण पापामुळे आलं हे कसं मानायचं?

हा प्रश्न एका जिऑलॉजिस्टने चक्क प्रवचनात घेतला होता. विल्यम बकलंड, ऑक्सफर्डला भूविज्ञान शिकवायचे आणि धर्मगुरूही होते, 1824 मध्ये मेगॅलोसॉरसचं वर्णन त्यांनीच छापलं, शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर. त्यांनी 1839 मध्ये ऑक्सफर्डच्या कॅथेड्रलमध्ये प्रवचन दिलं, विषय असा की मरणाची शिक्षा सगळ्या प्राण्यांना होती की फक्त माणसाला. त्यांचं उत्तर, फक्त माणसाला. आता रोमकरांस 5:12 उघडा, पौल म्हणतो मरण सर्व *माणसांमध्ये* पसरलं, वाघ-हरणांचा विषयच नाही तिथे.

आणि ही काही डायनोसॉर सापडल्यावर शोधलेली पळवाट नाही बरं का. तेराव्या शतकात, जीवाश्मांचा हा वाद स्वप्नातही नसताना, धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी लिहिलं की सिंह आणि ससाणे पापाच्या आधी पाला खायचे हे म्हणणं अजिबात तर्काला धरून नाही, माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. विरुद्ध बाजू पण सांगतो: उत्पत्ती 1:30 मध्ये देव प्राण्यांना हिरवा पालाच अन्न म्हणून देतो, आणि रोमकरांसच्याच 8व्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हतेय. पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणारे या वचनांवर उभे असतात. त्यांचं वचन खोटं नाही, पण त्यासाठी अख्खे खडक नाकारावे लागतात आणि तिथे मी थांबतो.

प्रश्न: वहिनीचं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं. प्रार्थनेला आलेल्या एक बाई म्हणाल्या, घरात कुणाचं तरी पाप असणार. हे ख्रिस्ती शिकवणीत बसतं का?

नाही. वहिनींना आजच सांगा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला अगदी हाच प्रश्न केला, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला दोघांचंही नाही (योहान 9). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने विचारलं, ते काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते? आणि यहेज्केल 18 मध्ये तर स्पष्ट आहे, बापाच्या अन्यायाचा भार मुलावर नाही. 'पापामुळे मरण आलं' हे सगळ्या मानवजातीबद्दलचं वाक्य आहे, कुणा एका घराचं बिल नव्हे.

बाप्तिस्मा राहिला म्हणून त्या घाबरल्या असतील तर ऐका: ऑगस्टीन यांचं मत अशा बाळांबद्दल कडक होतं, बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही, हे खरं. पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आदामाकडून मरण येतं, त्याचा दोष येत नाही असं मानतात. कॅथलिक चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं लिहून दिलंय.

प्रश्न: ख्रिस्ताने पाप फेडलं, मग विश्वासणारे अजून का मरतात?

1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रोटेस्टंटांचं एक धर्मशिक्षणाचं पुस्तक) 42वा प्रश्न हाच आहे. उत्तर असं की आपलं मरण ही पापाची फेड नाही, ते पापाचा शेवट आणि सार्वकालिक जीवनात प्रवेश आहे. पौल मात्र मरणाला शत्रूच म्हणतो, नष्ट होणारा शेवटचा शत्रू, त्यामुळे अंत्यविधीला रडणाऱ्याला 'विश्वास कमी' म्हणू नका.

प्रश्न: येशूच्या आईत, मरियेत मूळ पाप (आदामापासून सगळ्यांना आलेलं) नव्हतं, मग ती मेली का? आई आणि मी दर 15 ऑगस्टला, मरियेच्या सणाला, यावरून भांडतो.

1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी स्वर्गोन्नयनाचा (मरिया देहासकट स्वर्गात घेतली गेली) सिद्धांत जाहीर केला तेव्हा 'पृथ्वीवरचं जीवन संपल्यावर' एवढंच म्हटलं, मेली की नाही ते उघडं ठेवलं. पोप जॉन पॉल दुसरे 1997 मध्ये म्हणाले की तिला मरण आलं, मुलगा मेला मग आई का नाही? ऑर्थोडॉक्स चर्चचा तर त्या दिवशीचा सणच तिच्या महानिद्रेचा, म्हणजे मरणाचा, असतो. पण सिद्धांत म्हणून सक्ती कुणावरच नाही, तेव्हा भांडत राहा.