आधी मांडणी मागव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मुलांच्या आणि पालकांच्या गणिताच्या शंका सोडवायचं काम तू हाती घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. तुझं गणित पक्कं आहे, त्याची मला काळजी नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की प्रश्न आल्या आल्या उत्तर देऊ नकोस. मुलाने काय लिहिलंय ते आधी मागव. नुसतं उत्तर नको, सगळी मांडणी हवी. कच्चं कामही.

समज, एका मुलीने ५२ − २७ = ३५ असं लिहिलंय. 'चुकलं, २५ हवेत' असं तू कळवलंस तर ती ३५ खोडून २५ लिहील आणि पुढच्या वजाबाकीत पुन्हा तेच करील. तिने काय केलंय ते बघ. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ घालवले. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, हे तिला कोणीतरी शिकवलेलं आहे, आणि एक अंकी वजाबाक्या करताना ते चाललंही. तोच नियम तिने प्रत्येक घराला लावला. घरी मात्र याला 'लक्ष नसतं' म्हणतात. लक्ष आहे, म्हणून तर नियम पाळलाय! तिला इतकंच म्हण, '३५ मध्ये २७ मिळवून बघ.' बेरीज ६२ येते, ५२ नाही. काहीतरी बिनसलंय हे तिचं तिलाच दिसलं, की दशक सुटा कसा करायचा हे ऐकायला ती तयार असते.

याच वजाबाकीवरून पालकांचाही एक प्रश्न हमखास येतो. शाळेत ५ चे ४ करून एकक १२ करतात. घरातलं मोठं माणूस मात्र ५ ला हात लावत नाही. ते वरच्या २ चे १२ करतं आणि खालच्या २ मध्ये हातचा १ मिळवून ३ करतं. १२ मधून ७ गेले ५, ५ मधून ३ गेले २. उत्तर दोन्हीकडे २५. मग कुठली रीत बरोबर? दोन्ही. दुसऱ्या रीतीत वरच्या संख्येत दहा एकक मिळवले आणि खालच्या संख्येत एक दशक, म्हणजे दोन्हीकडे १०च वाढले. फरक तोच राहिला. हे कारण पालकांना नीट लिहून सांग, कारण त्यांनी ही रीत वर्षानुवर्षं बिनचूक वापरलेली असते आणि ती 'जुनी' म्हणून मोडीत काढलेली त्यांना लागते. त्याबरोबर अशी विनंतीही कर, की मुलाचा हात एका रीतीवर बसेपर्यंत घरात दुसरी काढू नका.

उत्तर बरोबर असलं तरी मांडणी मागव, हे विशेष सांगते. ०.६२ मोठे की ०.६, असं विचारलं तर मूल ०.६२ म्हणतं. बरोबर आहे. आता ०.४५ आणि ०.५ विचार. कित्येक मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. त्यांचं पहिलं उत्तरही त्याच समजुतीतून आलेलं होतं, फक्त तिथे ती उघडी पडली नाही. म्हणून तपासायला संख्या निवडताना अशा निवड, की चुकीच्या समजुतीने बरोबर उत्तर येऊच नये. मग ०.५ ला ०.५० लिहून दाखव, म्हणजे पन्नास शतांश आणि पंचेचाळीस शतांश शेजारी शेजारी येतात.

आता 'असं का?' या प्रश्नांकडे येते. माझ्या मते या कामाचा खरा कस इथे लागतो. गणितातल्या सगळ्या 'का'ची उत्तरं एका जातीची नसतात. काही गोष्टी सिद्ध होतात, काही ठरवलेल्या असतात, आणि काही ठरवलेल्या असल्या तरी दुसरं काही ठरवलं असतं तर बाकीचं कोसळलं असतं. मुलाला यातलं कुठलं आहे ते सांगायलाच हवं. 'नियमच आहे तसा' म्हटलं की हा फरक पुसला जातो आणि मग त्याला अख्खं गणितच कोणाच्या तरी मर्जीवर चालतंय असं वाटू लागतं.

१ ही मूळसंख्या का नाही? हे ठरवलेलं आहे, पण कारणाने. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, दुसरे कुठलेच नाहीत. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असं कितीही लिहिता येतं आणि 'संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात' हे म्हणणं मोडतं. गोल्डबाख या गणितज्ञाने १७४२ साली ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला आपलं प्रसिद्ध अनुमान कळवलं, त्या पत्रात तो १ ला मूळसंख्याच धरत होता. तेव्हा ज्या मुलाला १ मूळ वाटतो, त्याला तेही सांग.

ऋण गुणिले ऋण धन का? −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. एकाखाली एक लिही आणि थांब. दर पायरीला उत्तर ३ ने वाढतंय. पुढची ओळ −३ × −१ मुलाला लिहू दे. ब्रह्मगुप्ताने हा नियम इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण याच शब्दांत मांडला होता. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही त्याने लिहिलं होतं, ते मात्र आज मानत नाहीत. शून्याच्या भागाकारावर अडलेल्या मुलाला हे मुद्दाम सांगावं. एवढ्या मोठ्या माणसालाही जो प्रश्न अवघड गेला, तो विचारताना आपण लाजायचं कारण नाही, हे त्याला कळतं.

आणि कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम. हा निव्वळ संकेत आहे, आणि याच्यावरून घरोघरी वाद होतात. १० − ४ + ३ किती? 'बे' आधी, 'व' नंतर, असं पाठ असलेलं मूल ४ आणि ३ ची बेरीज करून १० मधून ७ घालवतं आणि ३ लिहितं. उत्तर ९ आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून येतील तशा करायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तेच. अक्षरांच्या त्या ओळीत हे मावत नाही, म्हणून वेगळं सांगावं लागतं. ८ ÷ २(२ + २) यासारखं कोडं कोणी पाठवलं आणि १६ की १ असा निवाडा मागितला, तर निवाडा देऊ नकोस. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते आणखी एक कंस घालून स्पष्ट करायला सांग. वाद मांडणीच्या अपुरेपणाचा आहे.

अख्खं उदाहरण पाठवून कोणी नुसतं 'सोडवून द्या' म्हटलं तर? कुठे अडलं ते विचार, आणि तिथली एकच पायरी सांग. पण याचं व्रत करू नकोस. उद्या परीक्षा आहे आणि मूल रडकुंडीला आलंय, तर पूर्ण सोडवून दे, प्रत्येक ओळीचं कारण लिहून दे, आणि तशाच दुसऱ्या संख्या घालून एक उदाहरण सोबत जोड. 'हे तर सोपं आहे' हे वाक्य मात्र कधीच लिहू नकोस. ज्याला ते येत नाही त्याला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते.

शेवटी, पालकांच्या काही शंका त्यांच्या स्वतःच्याच असतात. 'मुलगा विचारत होता, अपूर्णांकाने भागताना उलटा करून का गुणायचं?' असं लिहून येतं, आणि भाषेवरून कळतं की हे कोडं त्यांनाच शाळेपासून छळतंय. तिथे 'मुलाला असं समजावा' अशी सुरुवात करू नकोस, सरळ त्यांनाच सांग. ३ ÷ १/२ म्हणजे ३ मध्ये किती अर्धे आहेत? प्रत्येक एकात दोन, म्हणून ३ × २ = ६. आता ३ ÷ ३/४ घ्या. ३ मध्ये पाव किती? ३ × ४ = १२. तीन-तीन पावांचा एक गट केला तर गट १२ ÷ ३ = ४. म्हणजे आधी ४ ने गुणलं, मग ३ ने भागलं, तेच ४/३ ने गुणणं. एवढं लिही, आणि ५ ÷ २/३ त्यांना करायला दे. उत्तर १५/२, म्हणजे साडेसात गट, आलं तर ते आपणहून कळवतील.

तुझी,
बाई