गाई-वासरांना प्रोबायोटिक पावडर दिल्यावर खरंच पचन आणि वाढ सुधारते का?

तुम्ही लिहिलंय की 6 एचएफ (होल्स्टीन) गाई आणि 3 वासरं आहेत, मेडिकलवाला म्हणतो प्रोबायोटिकची पावडर सगळ्यांना रोज चालू करा, तर घ्यावी का. दादा, आमचा गोठा संगमनेरकडे आहे, 11 गाई दुधात आहेत आणि यीस्ट, म्हणजे गाईंना देतात ती जिवंत बुरशीची प्रोबायोटिक पावडर, मी 4 वर्षं वापरतोय. फरक पडतो, पण प्रत्येक गाईला आणि बारा महिने नाही, आणि गाईची पावडर वेगळी, वासराची वेगळी.

आधी गाईचं सांगतो. कडबा असो की मुरघास, गाय स्वतः तो पचवतच नाही, तिच्या मोठ्या पोटातले जिवाणू पचवतात आणि त्यातून जे तयार होतं त्यावर गाय जगते नि दूध देते. या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, आणि पोटातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पोट आंबट) 6 च्या खाली गेला की ते मंदावतात. आपण काय करतो, गाय व्यायली की दूध वाढावं म्हणून एकदम मका भरडा वाढवतो, तो पोटात झटकन आंबतो, ॲसिड वाढतं, मग रवंथ कमी, शेण पातळ आणि फेसाळ, दुधाचं फॅट खाली. जिवंत यीस्ट इथं कामाला येतं, चाऱ्या-पाण्याबरोबर पोटात गेलेला ऑक्सिजन ते वापरून टाकतं आणि लॅक्टिक ॲसिड खाणाऱ्या जिवाणूंना बळ देतं. पण ते पोटात मुक्काम करत नाही, शेणावाटे निघून जातं, म्हणून रोजच द्यावं लागतं, चार दिवस देऊन बंद केलं तर पैसे वाया.

माझी एक गाय व्यायल्यावर मी आठवड्यात भरडा 2 किलोवरून 5 किलोवर नेला, फॅट 3.8 वरून 3.1 वर आला, आणि 3.5 च्या खाली गेलं की डेअरी दर कापते हे तुम्हाला माहितीच आहे. मी आधी पावडरच आणली, 10 दिवस दिली, काहीच झालं नाही. डॉक्टर आले, त्यांनी शेण चाळणीत घेऊन पाण्यात धुवून दाखवलं, अर्धा मका तसाच बाहेर पडत होता. भरडा 3 किलोवर आणला, कडब्याची कुट्टी बारीक होती ती जरा लांब केली, खायचा सोडा चालू केला आणि सोबत यीस्ट, मग साधारण 3 आठवड्यांत गाडी रुळावर आली. म्हणून माझं मत असं की चाऱ्याचं गणित चुकलंय तिथं पावडर एकटी काही करू शकत नाही. चारा नीट असेल तर यीस्टने दिवसाला लिटरच्या आत-बाहेर दूध वाढतं, त्यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मी आता व्यायच्या आधीचे 3 आठवडे, व्यायल्यानंतरचे 2-3 महिने आणि कडक उन्हाळ्यात देतो, वेताच्या शेवटच्या महिन्यांतल्या कमी दुधाच्या गाईंना देत नाही.

पाकीट घेताना सीएफयू किती ते बघा, म्हणजे ग्रॅममागे जिवंत पेशी किती, शिवाय आतल्या यीस्ट-जिवाणूच्या जातीचं नाव आणि एक्सपायरी. नुसतं प्रोबायोटिक लिहिलेलं आणि आकडा नसलेलं घेऊ नका. पत्र्याच्या शेडात मे महिन्यात ठेवलं तर पेशी मरतात, घरात थंड कोरड्या जागी ठेवा, आणि गरम आंबोणात कधीच मिसळू नका, थंड झाल्यावर वरून टाका. बेकरीचं यीस्ट स्वस्त पडतं म्हणून काही जण तेच देतात, जात तीच असली तरी वाण वेगळा असतो, मी ते करणार नाही.

आता वासरं, इथं मला जास्त कळकळ आहे कारण 2 वासरं हगवणीने गेलीत माझी. जन्मलेल्या वासराचं मोठं पोट चालूच नसतं, दूध सरळ चौथ्या पोटात जातं, त्यामुळे त्याला लॅक्टोबॅसिलस किंवा बॅसिलस जातीचे जिवाणू देतात, ते आतड्यात वाईट जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. पण त्याआधी चीक. व्यायल्यापासून पहिल्या 2 तासांत पोटभर चीक पाजा, वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा पहिल्या 6 तासांत जायला पाहिजे, तो चुकला तर कुठल्याच पाकिटाने भरून निघत नाही. पहिल्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा दाणा) आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा, दाणा खाल्ल्यानेच मोठं पोट तयार होतं आणि खरी वाढ तिथून होते. हगवण लागली तर आधी मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने अंगातलं पाणी टिकवा आणि डॉक्टरांना बोलवा. अँटिबायोटिक चालू असताना त्याच वेळी जिवाणूंची पावडर पाजू नका, औषध तेही मारून टाकतं, कोर्स संपल्यावर द्या. मी दोन्ही एकत्र पाजून पैसे घालवलेत. यीस्टला मात्र ही अडचण नाही, ती बुरशी आहे.

तुम्ही एक करा, एकाच महिन्यात व्यायलेल्या सारख्या दुधाच्या गाई असतील तर निम्म्यांना 6 आठवडे द्या, बाकीच्यांना देऊ नका, दूध आणि फॅट वहीत लिहा. वासरांची वाढ कळायला छातीचा घेर दर 15 दिवसांनी टेपने मोजा. आणि सध्या भरडा, सरकी पेंड, गोळी पेंड किती देता आणि शेण कसं पडतं ते इथं लिहा, त्यावरून कुठल्या गाईला आधी द्यायचं ते सांगता येईल.