माफ केलं म्हणजे खटला सोडला असं नाही

प्रश्न : दंगलीत आमच्या घरातला माणूस गेला. आता दोन्ही समाजांतले प्रतिष्ठित लोक सांगतात, "मोठ्या मनाने माफ करा, कोर्टात बोलू नका, म्हणजे शांतता टिकेल." आम्ही साक्ष दिली तर शांततेच्या आड येतो का?

उत्तर : मुळीच नाही. माफ करणं हा तुमचा निर्णय आहे. तो आज घ्या, दहा वर्षांनी घ्या, किंवा घेऊच नका. त्यासाठी गळ घालण्याचा अधिकार कुणालाही नाही. साक्षीचं तसं नाही. खून आणि जाळपोळ हे एका घराविरुद्धचे गुन्हे मानले जात नाहीत, म्हणून खटला सरकार चालवतं आणि घरच्यांनी माफ केल्याने तो मिटत नाही. साक्षीदार फिरले की मात्र आरोपी सुटतात, आणि पुढच्या खेपेला जमाव आणखी निर्ढावून येतो.

ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरुग्णांत काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारिपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा पुढे चालू ठेवली. खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. माफी आणि शिक्षा दोन्ही आपापल्या जागी राहिल्या.

दबाव येत असेल तर कोण, कधी, कुणासमोर, नेमकं काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. फोनवरचे संदेश पुसू नका. सरकारी वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली तुम्ही अर्जही करू शकता. त्यावर जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते.

प्रश्न : दंगलीची झळ बसलेल्या दोन्ही समाजांतल्या कुटुंबांना एकत्र बसवायचं आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : एकत्र बसवण्यापासून तर नकोच. आधी प्रत्येक घराशी वेगळं, निवांत आणि एकाहून अधिक वेळा बोला. ज्या खटल्यात साक्षी व्हायच्या आहेत, त्यातले आरोपी आणि साक्षीदार एका खोलीत आणू नका; तो दबावच ठरतो. बैठक प्रार्थनास्थळात किंवा पक्षाच्या कार्यालयात नको. कॅमेरा नको, हारतुरे नकोत. मिठी मारतानाचा फोटो छापून आला की ज्याची तयारी नव्हती तो माणूस कायमचा दुरावतो.

बैठक सर्वात जास्त बिघडवणारं वाक्य म्हणजे "चुका दोन्हीकडून झाल्या." जिचं घर जळलं तिला ते ऐकताना आपलं दुःख वजावटीत गेल्यासारखं वाटतं. काय घडलं, हे प्रत्येकाला मध्ये न तोडता सांगू द्या. चूक कबूल करणाऱ्याने नेमकी कबूल करावी ("मी त्या रात्री दार उघडलं नाही") आणि लगेच माफी मागून समोरच्याला पेचात टाकू नये.

वेळ लागतो, हे सुरुवातीलाच सांगा. नायजेरियातल्या कदुना शहरात इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वूये हे एके काळी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांचे म्होरके होते. १९९२ च्या हिंसाचारात वूये यांचा उजवा हात गेला. अशाफा यांनी आपले गुरू आणि दोन चुलतभाऊ गमावले. १९९५ पासून दोघं मिळून शांततेचं काम करू लागले, पण त्यानंतरही बराच काळ मनात सूड होता, हे वूये यांनी स्वतःच सांगितलं आहे. मन निवळण्याआधी काम सुरू झालं, हे मला यातलं सर्वात आशादायक वाटतं.

प्रश्न : आमची शांतता समिती सणाच्या आधी चहापुरती भरते. तिचा उपयोग होईल असं काय करता येईल?

उत्तर : भिवंडीकडे पाहा. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनंतर, १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. या समित्यांत पुढाऱ्यांऐवजी शेजारपाजारची सामान्य माणसं होती आणि ती एरवीही भेटत होती.

तुम्हीही तसंच करा. सदस्य गल्लीतले घ्या, त्यात बायका हव्यात. दर महिन्याला भेटा आणि गटार, पाणी, पार्किंग असे विषय घ्या, कारण ओळख त्यातूनच पक्की होते. अफवेसाठी मात्र नियम आधीच ठरवा: दोन्ही समाजांतला एकेक माणूस मिळून जागेवर जाईल, डोळ्यांनी पाहील, पोलीस ठाण्यात कळवेल, आणि मग एकच मजकूर दोघांच्या नावाने दोन्ही वस्त्यांत जाईल. एकट्याने पाठवलेल्या खुलाशावर समोरची वस्ती विश्वास ठेवत नाही. या जोडीचे फोन क्रमांक आजच सर्वांकडे द्या, आणि दोघांपैकी एक बाहेरगावी असेल तर त्याच्या जागी कोण, हेही लिहून ठेवा.