‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणण्याआधी

टोरांटोहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. काळज्या चार आहेत, पण मी जास्त वेळ एकीपाशीच थांबणार आहे. त्या लिहितात, "मुलाने कॉलेज अर्धवट सोडलं, हे मी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, फक्त एका मैत्रिणीला प्रार्थनेसाठी सांगितलं. तिने ते प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आता मुलगा उपासनेला यायचं नाव काढत नाही."

ताई, तुमचं दुःख मला कळतं. परदेशात मराठीत प्रार्थना करणारी वीस-पंचवीस घरं म्हणजे आपलं माहेर. तिथेच उघडं पडल्यावर माणसाने जावं कुठे? पण रागावू नका, एक सांगते. मैत्रीण दुसरी, पहिल्या तुम्ही. बातमी मुलाची होती आणि त्याला न विचारता ती घराबाहेर गेली.

"प्रार्थनेसाठी सांगते" म्हटलं की आपल्याला चहाडी चहाडी वाटतच नाही. बायबलच्या नव्या करारात सैतानासाठी ‘दियाबोलोस’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ निंदा करणारा. 1 तीमथ्य 3:11 मध्ये स्त्रियांनी चहाडखोर असू नये असं म्हटलंय, तिथेही मुळात हाच शब्द आहे. (पुरुषांनी सुटलो असं समजू नये. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय सगळ्यांसाठी आहे.) लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते, हे याकोबाने लिहिलं तेव्हा फोन नव्हते. आज उन्हाळ्यात टोरांटोहून शनिवारी रात्री साडेनऊला टाकलेला मेसेज नगरला रविवारी सकाळी सातला वाचला जातो, म्हणजे उपासनेआधीच.

म्हणून विनंती पाठवण्याआधी ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा: "हे सांगू का? कोणाला सांगू? किती सांगू?" तो नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तरी नाव, कारण आणि कॉलेज गाळा. "एका कुटुंबाला मोठा निर्णय घ्यायचा आहे, शहाणपण मिळावं म्हणून प्रार्थना करा," एवढं पुरतं. देवाला नावगाव ठाऊक आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर जो हजर नाही त्याचं दुखणं त्याच्या परवानगीशिवाय निघत नाही. मुलं आम्हाला मोकळेपणाने सांगतात ती त्यामुळेच.

आता मैत्रिणीचं. तुम्ही लिहिता, "पाळकांकडे तक्रार करू का?" आधी नको. मत्तय 18:15-17 मध्ये क्रम दिलाय: प्रथम दोघांतच, एकांतात. मग एक-दोघांना सोबत घेऊन, आणि मंडळी शेवटी. बहुतेकांचं चुकतं ते पहिल्याच पायरीवर, कारण नवऱ्याला घेऊन जातात किंवा मेसेजवर भांडतात. मेसेजला आवाज नसतो. साधं वाक्यही टोचून बोलल्यासारखं वाचलं जातं, आणि त्याचा स्क्रीनशॉट निघतो. फोन करा, जमलं तर भेटा, या रविवारच्या आत. "सगळे म्हणतात" ने सुरुवात करू नका. म्हणा, "मी तुला सांगितलं ही माझी चूक. तू ते पुढे टाकलंस त्याने माझं लेकरू दुखावलं." मग थांबा, तिला बोलू द्या. तिला मेसेज काढायला सांगा, पण सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय साधारण दोनच दिवस असते आणि वाचणाऱ्यांनी तो वाचलेला असतो. तेव्हा ग्रुपवर तिने एवढंच लिहावं: "मी परवानगी न घेता लिहिलं, माफ करा. कृपया पुढे बोलू नका." खुलासा नको, कारण खुलाशाने गोष्ट पुन्हा ताजी होते.

सगळ्यात अवघड मुलाची माफी. त्यात "पण" हा शब्द येऊ देऊ नका. "पण मला तुझी काळजी होती" म्हटलंत की माफी तिथेच फिसकटते. "तुला न विचारता सांगितलं, माझं चुकलं," म्हणा आणि उपासनेचा विषय काही आठवडे काढूच नका. मुलांना चिडवू नका, ती खचतील, हे कलस्सै 3:21 बापांना सांगतं. आयांनीही ऐकावं.

उरलेल्या तीन काळज्या थोडक्यात. धाकटी इंग्रजीतच उलट बोलते? आवाज न चढवता मराठीत उत्तर द्या, बास. भजनाच्या पेटीच्या सुराचा वाद ज्याची पेटी त्याच्यावर सोडा. सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, तर त्या विमानात बसण्याआधी मुलाशी बोलून घ्या, आणि आजीला काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या.